एनएफएलमध्ये कॅच नेमका कधी पूर्ण होतो? रविवारी ग्राउंडवर भांडण झालं, कोणीतरी नीट समजवा

मिहान_नाईटशिफ्ट

नमस्कार मंडळी. मी नागपूरचाच, मिहानमध्ये काम करतो, अमेरिकेच्या टीमसोबत शिफ्ट असते म्हणून दोन वर्षांपासून एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघायची सवय लागली. हिवाळ्यात तिकडचा रविवार दुपारी एकचा सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होतो, शिफ्टच्या ब्रेकमध्ये थोडा थोडा बघून होतो. हळूहळू चार डाऊन (प्रयत्न), दहा यार्ड, फील्ड गोल हे सगळं डोक्यात बसलं. बसलं नाही ते फक्त एकच, कॅच. म्हणजे बॉल हातात दिसतो, दोन्ही पाय आत दिसतात, कॉमेंट्री करणारा ओरडतो, रेफरी दोन्ही हात वर करतो, आणि मग पाच मिनिटं रिप्ले चालतो आणि सांगतात की इनकम्प्लीट, म्हणजे कॅच झालाच नाही. आणि दुसऱ्या सामन्यात मला अगदी तसाच दिसणारा कॅच चालतो.

आता भांडणाचं सांगतो. आम्ही ऑफिसची आणि कॉलेजची मिळून बारा-चौदा पोरं रविवारी सकाळी रेशीमबागेच्या ग्राउंडवर फ्लॅग फुटबॉल खेळतो, कमरेला कापडाच्या पट्ट्या खोचून. शेवटचा प्ले होता. आमच्या एका मित्राने एंड झोनमध्ये, म्हणजे गोल रेषेच्या पलीकडच्या पट्ट्यात, उडी मारून बॉल पकडला, दोन्ही पाय खाली टेकले, तो वळून राहिला होता तेवढ्यात समोरच्याचा हात लागला आणि बॉल खाली पडला. आमचं म्हणणं टचडाऊन, म्हणजे सहा पॉइंट, कारण रेषेच्या आत बॉल हातात होता आणि पाय टेकले होते. मी टीव्हीवर शंभरदा बघितलंय की पळणाऱ्याने बॉल नुसता रेषेला भिडवला की सहा पॉइंट, मग पुढे बॉल सुटला तरी चालतं. मग इथे का नाही? समोरचे म्हणतात कॅचच झाला नाही. अर्धा तास वाद झाला, दोघं पोहे न खाताच निघून गेले. आम्ही दहा वर्षं सोबत खेळणारी पोरं आहोत, आधी क्रिकेट खेळायचो, त्यामुळे मला खरंच वाईट वाटून राहिलं. कोणाला नियम पक्का माहीत असेल तं सांगा प्लीज.

तर्री_जास्त

भाऊ सोपं आहे, दोन पाय आणि कंट्रोल, झाला कॅच. तुमच्या मित्राचं टचडाऊन द्यायला पाहिजे होतं.

पिट्सबर्गचा_महालकर

तर्री भाऊ, इतकं सोपं असतं तर आमच्या शहरात २०१७ चं नाव काढल्यावर लोकं आजही चिडली नसती.

मी मूळचा महालचा, अकरा वर्षं झाली इकडे. १७ डिसेंबर २०१७, आमची पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध पेट्रियट्स, आमचंच मैदान हाइन्झ फील्ड. आम्ही २७-२४ ने मागे, शेवटचा अर्धा मिनिट बाकी. आमच्या रोथलिसबर्गरने आमच्याच जेसी जेम्सला पास टाकला, त्याने गोल लाइनच्या अलीकडेच बॉल पकडला, गुडघा खाली टेकला, आणि पडता पडता हात लांब करून बॉल रेषेच्या पलीकडे नेला. टचडाऊन दिला. आमच्याकडे घरी सात-आठ जण होते, खालच्या मजल्यावरचे म्हातारे आजोबा पण वर आले होते, सगळे एकमेकांना मिठ्या मारून राहिले होते. मग रिप्ले. जमिनीला लागल्यावर बॉल हातात थोडा फिरला म्हणून इनकम्प्लीट. दोन प्लेनंतर इंटरसेप्शन, म्हणजे आमचा पास समोरच्यांनीच पकडला, सामना गेला. आजोबा काही न बोलता खाली निघून गेले.

तेव्हाचा नियम असा होता की कॅच पकडता पकडता जो खेळाडू खाली पडतोय त्याने जमिनीचा धक्का बसल्यानंतरही बॉल सुटू द्यायचा नाही, अगदी शेवटपर्यंत. म्हणजे पाय दोन, गुडघा एक, हात लांब केला, हे सगळं झालं तरी तो अजून "पकडतोय" असंच धरायचे. ह्याच नियमात २०१० मध्ये शिकागोला डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनचा टचडाऊन गेला, त्याने एका हातात बॉल घेऊन खाली पडून उठता उठता बॉल जमिनीवर ठेवल्यासारखा सोडला, आणि डेट्रॉइट १९-१४ ने हरलं. आणि २०१५ च्या जानेवारीत ग्रीन बे मध्ये डॅलसचा डेझ ब्रायंट. चौथा डाऊन, उंच उडी, पकडला, पावलं टाकली, एंड झोनकडे झेपावला, जमिनीवर बॉल उसळला. मैदानावर कॅच दिला होता, ग्रीन बे ने चॅलेंज केलं आणि तो काढून घेतला. डॅलस २६-२१ ने बाहेर.

हा नियम शेवटी मार्च २०१८ मध्ये बदलला. सगळ्या ३२ टीमच्या मालकांनी एकमताने मत दिलं. आमचा सामना जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते.

मिहान_नाईटशिफ्ट

दादा मग आताचा नियम काय? आणि जेसी जेम्सवाला मी आत्ताच बघितला, मला तं तो शंभर टक्के कॅच वाटतो. पण अजून एक कळलं नाही, गुडघा टेकला तेव्हाच तो डाऊन का नाही झाला?

पिट्सबर्गचा_महालकर

गुडघ्याचं असं की एनएफएलमध्ये समोरच्याने स्पर्श केलेला असेल तरच गुडघा टेकल्यावर प्ले संपतो. त्याला तोपर्यंत कोणी हात लावलाच नव्हता. कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र आपोआप पडलात तरी डाऊन. कॉलेजमध्ये कॅचला एक पाय आत असला तरी पुरतो, इथे दोन लागतात, त्यामुळे दोन्ही बघणाऱ्याचा गोंधळ होणारच.

आताच्या नियमात तीन गोष्टी. पहिली, हातात किंवा बाहूंमध्ये बॉलवर कंट्रोल. दुसरी, दोन पाय आत, किंवा हाताचे पंजे सोडून शरीराचा दुसरा कुठलाही भाग आत, म्हणजे एक गुडघा, एक कोपर, ढुंगण टेकलं तरी चालतं. आणि तिसरी, हीच खरी भांडणाची जागा, त्यानंतर त्याने खेळातलं काहीतरी करायचं, तिसरं पाऊल टाकायचं, बॉल काखेत दाबायचा, पुढे लांब करायचा, वळून पळायला लागायचं, समोरच्याला ढकलायचं. किंवा ह्यातलं काहीच केलं नाही तरी हे करता आलं असतं इतका वेळ बॉल हातात ठेवायचा. जेसी जेम्सने गुडघा टेकून मग हात लांब केला, म्हणजे तिन्ही झालं. आता तो टचडाऊन राहिला असता. बॉल हातात थोडा हलला तर लगेच कंट्रोल गेला असं पण धरत नाहीत आता.

जुना_अंपायर

मी इथे सहसा क्रिकेटच्या धाग्यांवर असतो. बावीस वर्षं क्लब क्रिकेटला अंपायरिंग केलं, उन्हाळ्यात कपडे घामाने चिकटून जायचे तरी उभा राहिलो. अमेरिकन फुटबॉल माझ्या नातवामुळे बघायला लागलो. प्रश्न विचारणाऱ्या पोराला मी माझ्या बाजूने सांगतो, कदाचित डोक्यात बसेल.

क्रिकेटच्या कायद्यात कॅचला सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहिलेले आहेत. बॉल अंगाला पहिल्यांदा लागला तिथे सुरुवात, आणि बॉलवर आणि स्वतःच्या हालचालीवर दोन्हींवर पूर्ण ताबा आला की शेवट. "आणि" महत्त्वाचा आहे. १९९९ च्या वर्ल्ड कपला लीड्सवर गिब्जच्या हातात स्टीव्ह वॉचा कॅच आला होता, आनंदात वर फेकायला गेला आणि सुटला. लोकं म्हणतात हातात तर होता. हातात होता, पण ताबा सिद्ध व्हायच्या आधी सोडला. वॉ तेव्हा ५६ वर होता, नाबाद १२० करून गेला. मग २०२३ ला लॉर्ड्सवर स्टार्कने डकेटचा कॅच पकडून घसरत जाताना बॉल गवताला घासला, थर्ड अंपायरने नॉट आऊट दिला, कारण स्वतःची हालचाल थांबलेली नव्हती आणि बॉल जमिनीला लागला. आणि सूर्यकुमारचा बार्बाडोसचा २०२४ च्या फायनलचा तर सगळ्यांना पाठ आहे, शेवटच्या ओव्हरचा पहिला बॉल, मिलर, रस्सीच्या आतून वर उडवून बाहेर जाऊन परत येऊन पकडला.

म्हणजे तुमचा फुटबॉलचा जुना नियम मला आमच्या कायद्यासारखाच वाटतो. पडतोय तर पडणं पूर्ण होऊ दे, मग बघू. मला तो चुकीचा वाटत नाही. अंपायरला काय पाहायचं ते स्पष्ट होतं.

डॉट_बॉल_प्रेमी

अंपायर काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे पण इथे मी असहमत आहे आणि का ते जरा लांबलचक सांगतो कारण मला वाटतं सगळा गोंधळ इथेच आहे.

क्रिकेटमध्ये कॅचचा शेवट थोडा पुढे ढकलला तर नुकसान फक्त बॉलिंग टीमचं, विकेट मिळाली नाही, बस. पण फुटबॉलमध्ये कॅचचा शेवट हा दुसऱ्या गोष्टीची सुरुवात आहे. कॅच पूर्ण झाला त्या क्षणी तो माणूस पळणारा झाला आणि त्याच्या हातून बॉल सुटला तर तो फम्बल, म्हणजे समोरचे उचलून पळू शकतात, टचडाऊन पण करू शकतात. कॅच पूर्ण व्हायच्या आधी सुटला तर इनकम्प्लीट, बॉल मेला, पुन्हा आधीच्या जागेवरून. म्हणून एकच रेघ दोन कामं करते. रेघ अलीकडे ओढली, म्हणजे दोन पाय टेकले की झाला कॅच असं केलं, तर टचडाऊन आणि कॅच वाढतील हे खरं, पण मधल्या मैदानात रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला) पास येतो आणि त्याच क्षणी धडक बसते तेव्हा जे बॉल उडतात ते सगळे फम्बल होतील. आणि तेव्हा हीच लोकं ओरडतील की अरे त्याला पकडू तरी द्या. रेघ पलीकडे ओढली तर डेझ ब्रायंट आणि जेसी जेम्स होतात. मधली जागा काढायचा प्रयत्न म्हणजे ती तिसरी अट.

आता मूळ प्रश्न. पळणाऱ्याने रेषेला बॉल भिडवला की लगेच सहा पॉइंट, मग एंड झोनमध्ये पकडणाऱ्याला का नाही? कारण पळणाऱ्याचा बॉल आधीच त्याचा आहे. पकडणाऱ्याचा अजून झालेलाच नाही. त्याला तिन्ही अटी एंड झोनमध्येही पूर्ण कराव्याच लागतात, रेषेच्या आत असल्याने सूट मिळत नाही. फक्त त्या पूर्ण झाल्या की तिथल्या तिथे टचडाऊन, पुढे एक इंच पण जायची गरज नाही.

तर्री_जास्त

बरं हे मला माहीत नव्हतं, माझं पहिलं उत्तर मागे घेतो. पण मग बॉल जमिनीला टेकला तरी कॅच कसा देतात? मी परवाच बघितला, बॉलचं टोक सरळ गवताला लागलं होतं आणि तरी दिला. काकांच्या स्टार्कसारखाच तं होता.

पिट्सबर्गचा_महालकर

त्याची पण एक कथा आहे. जानेवारी २००० मध्ये सेंट लुईस रॅम्स आणि टॅम्पा बे ची एनएफसी फायनल (एनएफएलच्या अर्ध्या टीमची फायनल) झाली, टॅम्पाच्या बर्ट इमॅन्युएलने शेवटच्या मिनिटात खाली झेपावून बॉल पकडला, दोन्ही हात बॉलच्या खाली होते पण टोक जमिनीला लागलं होतं म्हणून रिप्लेमध्ये काढला. रॅम्स ११-६ ने जिंकले आणि पुढे सुपर बोल, म्हणजे एनएफएलची मुख्य फायनल, पण जिंकले. त्यानंतर नियम केला की बॉल जमिनीला लागला तरी चालेल, पण जमिनीची मदत घेऊन पकडलेला नको. म्हणजे हातात घट्ट असेल आणि टेकला तर कॅच. टेकल्यामुळे हातात सरकला, सुटला, परत धरला तर नाही. क्रिकेटमध्ये गवत लागलं की संपलं, इथे तसं नाही.

आणि साइडलाइनवर पाय बघताना एक लक्षात ठेवा. नुसता पायाचा अंगठा आत घासला तरी पाय धरतात. पण नेहमीच्या चालीत आधी चवडा आत आणि मग त्याच हालचालीत टाच रेषेवर टेकली तर तो पाय बाहेर. सुपर बोल ४३ मध्ये, फेब्रुवारी २००९, सॅन्टोनिओ होम्सने कोपऱ्यात दोन्ही पायांचे चवडे टेकवून जो पकडला तो बघा, तीन जणांच्या वरून आलेला पास, ३५ सेकंद बाकी होते आणि आम्ही २७-२३ ने जिंकलो. मला तो कितीही वेळा दाखवला तरी अंगावर काटा येतो.

इतवारीकर

माझं म्हणणं वेगळं आहे. नियम बदलून काही संपलेलं नाही, गोंधळ फक्त जागा बदलून बसला. आधी प्रश्न होता "जमिनीवर पडून टिकला का", आता प्रश्न आहे "इतका वेळ होता का". किती वेळ? नियमात सेकंद लिहिलेला नाही, लिहिता पण येणार नाही. आणि हे ठरवतात कशावर, स्लो मोशनवर. बाप्पा, स्लो मोशनमध्ये तर वेळच लांब होतो ना! अर्ध्या सेकंदाची गोष्ट चार सेकंद दिसते, त्यात माणूस पकडतो, बघतो, वळतो, सगळं आरामात केल्यासारखं वाटतं. तीच क्लिप खऱ्या स्पीडने लावा, पकडला-धडक-सुटला एका श्वासात होतं.

मी व्हिडिओ एडिटिंग करतो, लग्नाच्या फिल्म बनवतो, रोज हेच काम आहे माझं. वरमाला पडतानाचा शॉट स्लो केला की नवरी दोन सेकंद लाजून राहिली असं दिसतं, प्रत्यक्षात तिने पापणी लवली फक्त. म्हणून मला मनापासून वाटतं की पाय आत होता का, बॉल टेकला का, हे स्लो करून बघावं, कारण त्या जागेच्या गोष्टी आहेत. पण तिसरी अट ही वेळेची गोष्ट आहे, ती खऱ्या स्पीडनेच बघितली पाहिजे. दोन्ही एकाच फ्रेममध्ये तपासले की उत्तर चुकणारच.

जुना_अंपायर

इतवारीकर, हे तुम्ही फार महत्त्वाचं बोललात. आमच्या वेळी रिप्ले नव्हताच, आणि मी तुम्हाला सांगतो, कॅच पूर्ण झाला की नाही हे मी बोटांकडे बघून कधीच ठरवलं नाही. मी फील्डरच्या खांद्याकडे बघायचो. बॉल खरोखर हातात आला की माणसाचे खांदे उतरतात, अंग सैल पडतं. जोपर्यंत तो अजून झगडतोय तोपर्यंत खांदे वर असतात. हे कुठल्या पुस्तकात नाही.

डॉट बॉल यांचं रेघेचं म्हणणं मला पटलं. आमच्याकडे कॅच सुटल्यावर कोणी बॉल चोरून पळत नाही, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. जुन्या नियमाबद्दलचं मत मी बदलतो असं नाही, पण तो का टिकला नाही ते कळलं.

पिट्सबर्गचा_महालकर

काका, खांद्याचं मी आता प्रत्येक सामन्यात बघणार. इतवारीकर भाऊ, एक भर घालतो. रिप्लेचा नियमच असा आहे की मैदानावरचा निर्णय तेव्हाच फिरवायचा जेव्हा तो स्पष्ट आणि उघड चुकीचा दिसतो. म्हणजे मैदानावर आधी काय दिलं ह्यावर अर्धा खेळ असतो. २०१२ ला सिएटलमध्ये ग्रीन बे चा सामना आठवा, नेहमीचे रेफरी लॉकआउटमुळे बाहेर होते, बदली रेफरी होते, शेवटच्या प्लेला दोन टीमच्या खेळाडूंनी एकच बॉल मिठीत घेतला, एका अधिकाऱ्याने टचडाऊन दाखवला आणि शेजारच्याने हात वेगळेच हलवले. दोघांनी एकदम पकडला तर बॉल आक्रमण करणाऱ्या टीमचा, असा नियम आहे, पण एकाने आधी ताबा घेतला आणि दुसऱ्याने मागून हात घातला तर तो एकदम धरत नाहीत. रिप्लेनंतर टचडाऊन कायम राहिला, सिएटल १४-१२. दोनच दिवसांत नेहमीच्या रेफरींशी करार झाला आणि ते परत आले.

आणि फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे नियम बदलायच्या फक्त दोन महिने आधी, फिलाडेल्फियाच्या झॅक अर्ट्झने पकडून तीन पावलं टाकून एंड झोनमध्ये झेप घेतली आणि पडल्यावर बॉल उसळला. जुन्याच नियमात तो टचडाऊन कायम ठेवला, कारण तो तोपर्यंत पळणारा झाला होता असं धरलं. तीन पावलं मोजता येतात हो. डेझची पण मोजा एकदा. मी कितीतरी वेळा मोजली आहेत.

मिहान_नाईटशिफ्ट

मंडळी, ब्रेकमध्ये सगळं वाचलं आणि मग आमच्या ग्रुपवर कोणीतरी मोबाईलवर काढलेला तो शेवटचा प्ले परत बघितला, आधी स्लो आणि मग इतवारीकर भाऊंनी सांगितल्याप्रमाणे खऱ्या स्पीडने. स्लोमध्ये आमचा मित्र मस्त वळताना दिसतो. खऱ्या स्पीडने बघितलं तं पाय टेकणं आणि हात लागणं जवळजवळ एकाच वेळी आहे, तिसरं पाऊल नाही, बॉल अंगाशी आणलेला नाही, आणि काका, खांदे वरच होते. दोन पाय होते, कंट्रोल होता असं मी अजूनही म्हणेन, पण तिसरी गोष्ट नव्हती. टचडाऊन नव्हता. मी समोरच्यांची माफी मागितली ग्रुपवर, एकाचा लगेच रिप्लाय आला, दुसऱ्याने अजून वाचलं नाही.

एक शेवटचं. आम्ही फ्लॅग खेळतो, आमच्यात बॉल खाली पडला की डेड, फम्बल उचलून पळणं नाहीच. मग डॉट बॉल भाऊंचं रेघेचं कारण आम्हाला लागू होतं का?

डॉट_बॉल_प्रेमी

चांगला प्रश्न आहे. फ्लॅगमध्ये फम्बल उचलायची भीती नाही, म्हणून तुम्ही रेघ अलीकडे ओढू शकता, नुकसान कमी होतं. बहुतेक फ्लॅगमध्ये एकच पाय आत लागतो, दोन नाही, ते पण लक्षात घ्या. २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल येतंय, पाच-पाच जणांचं, तेव्हा त्याचे नियम वाचून घ्या आणि खेळायला सुरुवात करायच्या आधी दोन्ही टीमने मिळून ठरवा. सामना संपल्यावर ठरवू नका.

जुना_अंपायर

रविवारी किती वाजता असता ग्राउंडवर? माझं घर जवळच आहे. शिट्टी आणतो.

मिहान_नाईटशिफ्ट

साडेसहाला, काका. शिफ्ट संपवून सरळ तिथेच येतो मी. पोहे आमच्याकडून.